दोघींचा गळा

आम्ही दोघी बहिणी एकत्र गायचो. मी मोठी, ती पाठची. गुलमंडीच्या मागच्या बोळात भाड्याच्या दोन खोल्यांत आमचं लहानपण गेलं. वडील कचेरीत कारकून होते. आजोबांपर्यंत घरात भिक्षुकी होती, ती वडिलांनी सोडली, पण संध्याकाळी मुलींकडून स्तोत्रं म्हणून घ्यायची सवय काही सुटली नव्हती. त्या म्हणण्यातच आईच्या लक्षात आलं की धाकटीचा आवाज निराळा आहे. दोन गल्ल्या सोडून कापडाच्या दुकानाच्या माडीवर एक म्हातारे उस्ताद राहायचे. आईनं त्यांच्याकडे तिची शिकवणी लावली. ती एकटी जायला घाबरायची, म्हणून सोबतीला मला पाठवलं. माझं गाणं हे असं सोबतीनं सुरू झालं.

उस्तादांनी आमची खरी नावं कधी घेतलीच नाहीत. मी बडी आणि ती छोटी. पुढं घरातही तेच झालं. एकदा शाळेच्या स्पर्धेत बाईंनी आम्हाला वेगवेगळं गायला लावलं. ते उस्तादांच्या कानावर गेलं तेव्हा ते चिडले.

"काइकू अलग गाये? तुम दोनों का मिलके एक गला है. अलग-अलग नक्को गाओ."

ते खरंच होतं. माझा आवाज खालच्या पट्टीत भरीव, वर गेला की पातळ व्हायचा. तिचा वर जाऊन उघडायचा. मी मध्यमावर थांबले की ती तिथून पुढं घ्यायची. कोण कुठं थांबणार हे आम्ही कधी ठरवलं नाही. मी श्वास घेतला की तिला कळायचं.

कॉलेजात असताना आम्ही रेडिओवर गायलो. तिला ध्वनिमुद्रणाची भीती वाटत होती. मी मात्र काचेपलीकडं बसलेल्या माणसाकडं, त्याच्यापुढच्या फिरत्या रिळांकडं बघत बसले. इथं बसून म्हटलेलं गंगापूरच्या शेतात, पाचोडच्या बाजारात ऐकू जातं, या गोष्टीनं मी भारावून गेले. मी जनसंवाद हा विषय घेतला तो त्या खोलीमुळं. पुढं विद्यापीठात त्याच विभागात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच शिकवलं.

माझ्याकडं येणारी मुलं बीड, जालना, परभणीकडची. वर्गात तोंड उघडायला लाजायची, कारण बोलताना 'लई' नि 'व्हय' येईल. मी पहिल्याच तासाला त्यांना गावाकडच्या बोलीत बोलायला लावायचे. बातमी तुम्ही छापील भाषेत लिहा, पण माणूस जे बोलला ते त्याच्याच बोलीत ठेवा, हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगितलं की मुलं माझी नक्कल करायची. त्यातली काही आज वर्तमानपत्रांत आहेत, काही वाहिन्यांवर. काही गावाकडं परत गेली.

छोटीचं लग्न झालं आणि दोन वर्षांत ती परत आली. का, ते तिनं आईला सांगितलं असेल. मला एवढंच म्हणाली, "तिथं मला गुणगुणायचीसुद्धा चोरी होती, ताई." मी लग्न केलंच नव्हतं. वडील गेल्यावर आम्ही मुकुंदवाडीच्या बाजूला एक लहान रो-हाउस घेतलं. तेव्हा गच्चीवरून रेल्वेचं छोटं स्टेशन दिसायचं आणि पलीकडं ज्वारीचं रान. आईचेही शेवटचे दिवस त्याच घरात गेले. नंतर आम्ही दोघीच उरलो. मी विभागातून आले की चहा व्हायचा आणि तानपुरा लागायचा. गावातल्या लहानमोठ्या मैफलींत आम्हाला बोलावत. मोठ्या गायिका आम्ही नव्हतो. पण शहरात गाणं ऐकणारी जी माणसं होती, त्यांना आमची जोडी ठाऊक होती.

एका संध्याकाळी मुलतानी गाताना ती मधेच थांबली. गळ्याला हात लावून म्हणाली, "ताई, इथं काहीतरी अडतंय."

गाठ होती. थायरॉइडची, आणि चांगली नव्हती. काढायलाच हवी होती. डॉक्टर शांत स्वभावाचे होते. ऑपरेशननंतर ते बाहेर आले, मला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं, "गाठ आवाजाच्या नसेला चिकटली होती. नस वाचवता आली नाही. जिवाचं बघावं लागलं." मी त्यांना दोष देऊ शकले नाही. आजही देत नाही.

शुद्धीवर आल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं आणि ओठ हलवले. 'ताई' म्हणाली असणार. नुसती हवा आली. तिनं पुन्हा म्हणून बघितलं. मग तिनं स्वतःच माझ्या हातावर थोपटलं, जणू आवाज माझाच गेला होता.

पुढं कुजबुज परत आली. सहा महिन्यांत, वर्षभरात आणखी सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले होते. ती रोज सकाळी गच्चीवर जाऊन 'सा' लावायची. मी खाली स्वयंपाकघरात भाजी चिरत असायचे. वरून काहीच ऐकू यायचं नाही. पण ती लावतेय हे मला माहीत असायचं, आणि माझी सुरी थांबायची. खाली आली की कपाळावर घाम. मी काही विचारायचे नाही आणि ती काही सांगायची नाही. मी दिवसभर पोरांना संवाद शिकवत होते. घरी मात्र एका वाक्यापुढं सरकत नव्हते.

वर्ष उलटलं आणि एका सकाळी ती गच्चीवर गेली नाही. चहा पिताना म्हणाली, "झालं. आता नाही यायचा तो." आणि कपबशी धुवायला उठली.

त्याच हिवाळ्यात एका संगीत मंडळाचे लोक आले. दरवर्षी आम्ही तिथं गायचो. ते अवघडून बसले होते. त्यांच्यातल्या एका काकांनी धीर करून मला विचारलं, "यंदा तुम्ही एकट्या गाल का?" मी नाही म्हणणार तेवढ्यात ती आतून आली आणि तिच्या त्या कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "गाईल. मी तानपुऱ्यावर बसेन."

ते गेल्यावर मी म्हणाले, "मला नाही जमायचं."

"जमेल. तू तुझं गा. मी काही मेले नाही."

मी गायले. भीमपलास घेतला होता, कारण तो मला खालच्या अंगानं बरा येतो. सुरुवात ठीक झाली. मग मध्यमावर आले, आणि थांबले. ठरवून नाही. इतक्या वर्षांची सवय होती. तिथून पुढं ती घ्यायची. तबला चालू होता, पेटीवाल्यांनी माझी जागा भरून काढली. मला पुढचं सुचेना म्हणून मी मान वळवून मागं बघितलं. छोटी डोळे मिटून तानपुरा छेडत होती. आणि गात होती. ओठ हलत होते, मान वरच्या सुराला जाते तशी किंचित उचलली गेली होती, गळ्यावरचा तो व्रण ताणला गेला होता. आवाज नव्हता. पूर्ण तान ती आतल्या आत घेऊन खाली उतरली आणि समेवर तिनं मान हलवली. मी सम पकडली.

कसंबसं संपवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मी म्हटलं, "आता पुन्हा नाही."

ती एकदम भडकली. तिला ओरडता येत नव्हतं, त्यामुळं तिचा राग फार भयंकर वाटायचा. नुसता श्वास आणि डोळे. "माझ्यामुळं बंद करू नकोस. ते ओझं माझ्या डोक्यावर ठेवू नकोस, ताई. एक माझं गेलंय ते पुरे आहे."

"मला गाताच येत नाही तुझ्याशिवाय."

"मग शीक."

त्यानंतर कित्येक महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी मंचावर पुन्हा गायले नाही.

मग दुष्काळाची वर्षं आली. जायकवाडीत मृतसाठा उरला. आमच्या वसाहतीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही कधी हुकायचं. बोअर आटली. ज्या रानात ज्वारी होती तिथं आता अपार्टमेंट उभी राहत होती. बांधकामावर टँकर उभे दिसायचे आणि आमच्या गल्लीत बायका रिकामे ड्रम घेऊन ओळीत. त्याच काळात मी पाचोडच्या पुढच्या एका गावात संशोधनाचं काम घेतलं होतं. टँकर कधी येणार, किती येणार, ही बातमी गावात कुणाला आधी कळते, कुणाला शेवटी, असा विषय होता. विद्यापीठाच्या सेवा योजनेतून मुलांना घेऊन तिथं टाक्या बांधायचं कामही चालू होतं. त्यामुळं आठवड्याला एक फेरी असायचीच. एकदा मी निघताना छोटी पायात चप्पल घालून दारात उभी राहिली. म्हणाली, "मीही येते. इथं बसून नळाकडं किती वेळ बघू?"

गावात माझे विद्यार्थी प्रश्नावली घेऊन फिरायचे. बायका त्यांना उभ्या उभ्या उत्तरं द्यायच्या. "व्हय, टँकर येतो. नाय, काय तक्रार नाय." छोटी एका ओट्यावर बसली होती. एक बाई तिच्याजवळ आली. चाळिशीची असेल, नवरा ऊसतोडीला गेलेला, घरात सासू आणि दोन मुली. तिनं छोटीला काहीतरी विचारलं आणि छोटीनं कुजबुजून उत्तर दिलं.

"आवाज कुठं गेला वो बाई तुमचा?"

"ऑपरेशनमध्ये गेला."

"आगं माय!" बाई तिथंच टेकली. "मंग बोलता कसं घरात?"

"बोलते की. जवळ यावं लागतं माणसाला."

ती बाई हसली. आणि मग तिनं स्वतःचं सांगायला सुरुवात केली. टँकर आला की तो आधी कुणाच्या दाराशी थांबतो, कुणाच्या आळीला शेवटी गढूळ पाणी मिळतं, मोठ्या मुलीची शाळा रांगेपायी कशी बुडाली. तिचा आवाजही हळूहळू छोटीच्या पट्टीत उतरला. बाकीच्या बायका येऊन बसल्या. मी लांबून बघत होते. मला वाटलं होतं, तिला दमायला होईल. पण परतताना जीपमध्ये ती बऱ्याच महिन्यांनी आपणहून बोलली. त्या मोठ्या मुलीबद्दल, शाळेबद्दल, पुढच्या वेळी काय न्यायचं त्याबद्दल. पाचोडपाशी रस्त्याच्या कडेला तोडलेल्या मोसंबीच्या बागा होत्या, नुसती खोडं. ती बघता बघता तिनं माझा हात धरला. एवढंच. आमचा अबोला तिथं संपला.

मग ती दर खेपेला यायला लागली. तिच्यामुळं माझं काम चांगलं झालं, हे मी त्या अहवालात लिहिलंही आहे. त्या मुलीची शाळा पुन्हा सुरू झाली. गावकऱ्यांनी टँकरची वेळ फळ्यावर लिहायचं मान्य केलं. काही महिने फळा चालला, मग खडू संपला की माणूस बदलला, कुणास ठाऊक, बंद पडला. सगळंच काही टिकत नाही, हे या विषयात काम करणाऱ्याला कळलेलं असतं.

घरी तिनं आणखी एक गोष्ट सुरू केली. समोरच्या घरातली भाभी, तिच्या नवऱ्याचं गॅरेज होतं, एक दिवस आपल्या मुलीला घेऊन आली. शाळेत जाणारी, दोन वेण्या घातलेली. "आपा, ये दिनभर गाती रहती. कुछ सिखा दो ना इसे."

छोटीनं मुलीला गायला लावलं, ऐकलं, आणि पेटी पुढं ओढली. सूर पेटीवर दाखवायची, जागा बोटांनी हवेत काढायची, आणि चुकलं की मुलीच्या गुडघ्यावर टिचकी. मी एकदा विभागातून लवकर आले. फाटकाची कडी उघडताना आतून मुलतानी ऐकू आला. वरच्या षड्जावरून उतरताना छोटी एक हलकी मुरकी घ्यायची, ती तिची स्वतःची होती, उस्तादांची नव्हती. तीच मुरकी त्या मुलीनं घेतली. मी कडी धरून उभी राहिले. भाभी तिच्या दारातून माझ्याकडं बघत होती. मग ती आत गेली.

ही वर्षं आमची चांगली होती, असं आता वाटतं.

मग तिला खोकला सुरू झाला. उन्हाळ्याची धूळ, बांधकामांची धूळ, असं आम्ही म्हणत राहिलो. तपासण्यांत कळलं की रोग छातीत उतरला आहे. यावेळी डॉक्टरांनी बाजूला घेतलं नाही, दोघींसमोरच सांगितलं. तीच त्यांना म्हणाली, "ताईला पाणी द्या जरा."

शेवटी शेवटी कुजबुजही राहिली नाही. तिला काय हवंय ते ती डोळ्यांनी सांगायची आणि मला बहुतेक वेळा कळायचं. कधी कळायचं नाही. तेव्हा ती हसून नाद सोडून द्यायची. ते मला सहन व्हायचं नाही. पाचोडकडची ती बाई एकदा एसटीनं आली. पलंगाशी बसली आणि पदर चाचपत म्हणाली, "बाई, या साली काहीच नाय बघा आणायला. हात हलवत आले." छोटीनं तिचे दोन्ही हात धरून ठेवले. बाई जाईपर्यंत ते सोडले नाहीत.

एक दिवस तिनं मला खूण केली. तानपुऱ्याकडं, मग माझ्याकडं. मी खोळ काढली, तारा लावल्या. इतक्या दिवसांनी लागेनात. शेवटी लागल्या तशा भीमपलास सुरू केला, अगदी खाली, तिच्या उशाशी बसून. मध्यमावर आले आणि थांबले. ती माझ्याकडं बघत होती. तिनं भुवई उचलली. पुढं जा. मी गेले. माझा आवाज वर फाटला, बेसूर झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं डोळे मिटले नाहीत. मी वरून उतरून समेवर आले तेव्हा तिनं मान हलवली. चांगलं झालं म्हणून की झालं एकदाचं म्हणून, ते मला विचारता आलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी ती गेली. वैशाख होता, नळाचा दिवस नव्हता. घरातल्या ड्रममध्ये तळाला चार तांबे पाणी असेल. नातेवाईक बायका आल्या, अंघोळ घालायची म्हणाल्या, आणि मी ड्रमपाशी जाऊन नुसती उभी राहिले. माझ्या बहिणीला अंघोळ घालायला माझ्या घरात पाणी नव्हतं. मला रडू तिथं फुटलं. ती गेली तेव्हा नाही, त्या ड्रमपाशी.

भाभी मागून आली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आपा, पानी की फिकर नक्को करो." तिनं बाहेर जाऊन काय सांगितलं कोण जाणे. थोड्या वेळानं गल्लीतली दारं उघडायला लागली. कुणी हंडा आणला, कुणी कळशी, कुणी लेकराच्या अंघोळीची बादली. त्या दिवसांत पाणी कुणी कुणाला देत नसे. शेजारणी रांगेत एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. त्याच बायका येऊन अंगणात हंडे ठेवून मुकाट परत जात होत्या. भाभीनं त्यांचा अख्खा ड्रम नवऱ्याकडून ओढून आणवला. छोटीला भरपूर पाण्यानं अंघोळ झाली.

त्यानंतर मी काही वर्षं शिकवलं. तास घेतले, प्रबंध तपासले, समित्यांवर बसले. एकदा वर्गात आवाजाच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास शिकवत होते. पूर्वी रिळं महाग असायची, एकदा कार्यक्रम झाला की पुसून त्यावर दुसरं भरत, असं सांगत होते. बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी मी रेडिओवर गेले. आमचं ते जुनं ध्वनिमुद्रण हवं म्हणाले. तिथले अधिकारी तरुण होते, माझे विद्यार्थी शोभले असते. त्यांनी मनापासून शोधलं, कपाटं उघडली. मग खुर्ची पुढं केली आणि म्हणाले, "मॅडम, त्या काळातलं काही ठेवलेलं नाही."

मला ते ठाऊकच होतं. तरी विचारलं, "काहीच नाही?"

"नाही मॅडम."

घरी आम्ही कधी रेकॉर्ड केलं नाही. रोजच तर गात होतो. पाचोडकडच्या कामात बायकांचं बोलणं टेप केलं त्या कॅसेटमध्ये ती आहे, पण ती कुजबुज आहे. तिचा गाता आवाज आता कुठंच नाही. ज्यांनी ऐकला ती माणसंही एकेक करून कमी होत चालली आहेत.

भाभीच्या मुलीनं गाणं सोडू नये, असं सगळ्यांनाच वाटत होतं. छोटीचं दिवसकार्य झाल्यावर भाभीनं मला विचारलं होतं, "अब तुम सिखाओगी ना, आपा?" मी हो म्हणाले. मुलगी आली, पेटी उघडून बसली, वेण्या मागं टाकल्या आणि गायला लागली. षड्जावरून उतरताना तिनं ती मुरकी घेतली. मी उठून आत गेले. स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर तिनं चीज पूर्ण केली, थोडा वेळ वाट बघितली, पेटी बंद करून ठेवली आणि फाटक ओढून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिला शहरातल्या एका चांगल्या गायिकेकडं घेऊन गेले. तिथं ती अजून शिकते. छान गाते म्हणतात. तिच्या कार्यक्रमाचं बोलावणं मला दर वेळी येतं, भाभी स्वतः घरी येऊन सांगते. मी येते म्हणते. साडी काढून ठेवते, कधी नेसतेही. अजून गेलेले नाही.